आज काय आलंय? रत्नागिरीतल्या छोट्या खानावळी आणि वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की रत्नागिरीत जेवायचं असेल तर मोठ्या पाटीचं हॉटेल सोडा आणि गल्लीतल्या पाच-सहा टेबलांच्या खानावळीत जाऊन बघा. त्यावर इतकी पत्रं आली की सगळी छापणं शक्य नाही, सहा निवडलीत. जवळजवळ प्रत्येकानं नावं मागितलीत. नावं मी देणार नाहीये आणि त्याचं कारण आधीच सांगते, म्हणजे कुणाला राग नको. मला ज्या जागा आवडतात तिथे एका वेळी पंधरा-वीस माणसं बसतात, आत एक बाई रांधत असते, हाताखाली एक मुलगी, सकाळी मोजून घेतलेली मच्छी आणि मोजून टाकलेला भात. तिथे एका रविवारी साठ माणसं उतरली की रोजचं गिऱ्हाईक उपाशी परत जातं, आणि नवीन आलेल्यालाही घाईघाईत केलेलं जेवण मिळतं, म्हणजे दोघांचंही नुकसान. शिवाय नाव दिलं तर तुम्ही फक्त तिथेच जाल, शोधायचं कसं ते कळलं तर चिपळूण, गुहागर, मालवण, वेंगुर्ला कुठेही गेलात तरी पोट भरेल.

ताई, माझी सांगलीहून रत्नागिरीला बदली झालीय, बँकेत आहे, मारुती मंदिरजवळ भाड्याने राहतो, एकटाच. दीड महिना झाला, रोज पनीर नाहीतर फ्राईड राईस. समुद्राच्या गावात राहून मासे खाल्ले ते दोनदा, दोन्ही वेळा पापलेट आणि दोन्ही वेळा कोरडं ठक्क. इथले लोक स्वतः जेवतात तरी कुठे? विचारलं की सगळे तीच दोन-तीन मोठी हॉटेलं सांगतात.

दादा, तुम्ही "चांगलं हॉटेल कुठलं" असं विचारत असणार, गडबड तिथेच होतेय. हा प्रश्न ऐकला की इथला माणूस बाहेरच्या पाहुण्याचा विचार करतो, म्हणजे एसी पाहिजे, गाडी लावायला जागा पाहिजे, मेनू कार्ड पाहिजे, आणि तो तुम्हाला तसंच हॉटेल सांगतो, त्यात त्याची काही चूक नाही. तुम्ही असं विचारून बघा, "घरून डबा आला नाही की तुम्ही कुठे जेवता?" या प्रश्नाचं उत्तर वेगळं येतं. आणि विचारायचं कुणाला तर ज्यांना रोज बाहेर जेवावं लागतं त्यांना, रिक्षा स्टँडवरचे दादा, कोर्टातले कारकून, एसटीचे कंडक्टर, औषध कंपन्यांचे एमआर जे अख्खा जिल्हा पालथा घालतात, आणि तुमच्याच बँकेतले शिपाई. या लोकांना खिशाला परवडणारं पाहिजे असतं, पोटाला बाधणार नाही असं पाहिजे असतं आणि दुसऱ्या दिवशी परत जाता येईल असं पाहिजे असतं, त्यामुळे त्यांची निवड सहसा चुकत नाही. चार जणांना विचारलंत आणि दोघांनी एकच जागा सांगितली की समजायचं.

दुसरी गोष्ट वेळेची. आपल्याकडच्या खानावळीत बाराला ताटं सुरू होतात आणि दीडपर्यंत फळ्यावरची निम्मी नावं पुसलेली असतात. तुमची बँकेतली जेवणाची सुट्टी दोनला असेल तर तुम्हाला उरलेलंच मिळणार, ते मन लावून केलेलं असलं तरी उरलेलंच. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी तुम्हाला सुट्टी असते ना, तो दिवस पकडा. शनिवार मारुतीचा वार, बरेच लोक मच्छी खात नाहीत, गर्दी कमी असते, बाईंना दोन शब्द बोलायला सवड असते.

आणि एकदा तरी सकाळी लवकर उठून मिरकरवाडा बंदरावर जा. काही विकत घ्यायची गरज नाही, नुसतं बाजूला उभं राहून बघा कुठल्या टोपल्या जास्त भरल्यात. त्या दिवशी बांगडा खूप आला असेल तर दुपारी अर्ध्या गावाच्या ताटात बांगडाच दिसेल, कारण खानावळवाली बाई त्या दिवशी जे ताजं आणि स्वस्त मिळतं तेच उचलते, तिला दुसरं परवडतही नाही. म्हणून खानावळीत बसल्यावर पहिलं वाक्य "पापलेट आहे का" हे नसावं. पहिलं वाक्य असावं, "आज काय आलंय?" एवढं विचारलंत की समोरच्या माणसाचा चेहरा बदलतो, मी हे कितीतरी वेळा बघितलंय, तो आत जाऊन विचारून येतो, मग सांगतो की तारली आहे, मांदेली आहे, मुडदुशी आहे पण दोनच ताटांपुरती. पापलेटचा हट्ट धरलात तर ते फ्रीजरमधून निघण्याचीच शक्यता जास्त. पापलेट मिळायचं प्रमाण खूप कमी झालंय, म्हणूनच तर २०२३ मध्ये सरकारनं त्याला राज्य मासा म्हणून जाहीर केलं, आणि बर्फात राहिलेलं पातळ पापलेट तव्यावर दोन मिनिटं जास्त राहिलं की ते तुम्ही खाल्लंत तसं कोरडं होणारच.

सुरुवात बांगड्यापासून करा असं माझं मत आहे. पाऊस संपला की पुढचे चार-पाच महिने बांगडा अंगानं भरलेला असतो, आणि फ्राय मागवण्याआधी कालवण मागवा. मसाला लावून तव्यावर टाकलेला मासा बहुतेकांना जमतो, पण बांगड्याचं कालवण जमायला हात लागतो, खोबरं किती बारीक वाटलंय, आमसूल किती आणि कधी टाकलंय, तिरफळं नुसती ठेचून घातलीत की वाटणात घालून कडू करून ठेवलीत, हे सगळं पहिल्या घासाला कळतं. भाताबरोबर कालवण आवडलं तर त्या घरचं सगळं आवडेल. सोलकढीकडे पण बघा. कोकमाच्या आगळाची आणि नारळाच्या रसाची खरी सोलकढी फिकट गुलाबी असते, थोडा वेळ ठेवली की खाली पाणी वर रस अशी फुटते, ढवळून प्यायची. भडक गुलाबी आणि तासभर ठेवूनही एकसारखी राहणारी सोलकढी दिसली की मी बाकीचं जेवण पण जरा सांभाळूनच मागवते.

आणि एका भेटीत मत करू नका. पहिल्यांदा तुम्ही परके, दुसऱ्यांदा ओळखीचा चेहरा, तिसऱ्यांदा गेलात की बाई स्वतः बाहेर येऊन विचारतील, "आज कर्ली आहे, काटे खूप असतात, जमतील का तुम्हाला?" तेव्हा हो म्हणा.

आम्ही घरचे सगळे शाकाहारी. दरवर्षी मे महिन्यात रत्नागिरीला येतो आणि दरवर्षी थाळीत फ्लॉवर-बटाटा आणि दाल तडका मिळतो. कोकणात शाकाहारी माणसासाठी काहीच नाही का? – पुण्याहून एक वाचक

काकू, हे पत्र वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण मे महिना म्हणजे तर आपल्याकडे शाकाहारी खाण्याची चंगळ. अडचण अशी आहे की हे पदार्थ हॉटेलांच्या बोर्डावर नसतात, घरात असतात. फणसाची भाजी, त्यात आठळ्या घातलेली, ओल्या काजूगरांची उसळ, वालाचं बिरडं, कुळथाचं पिठलं आणि तांदळाची भाकरी, डांगर, मोकळ भाजणी, घावन, आंबोळ्या, केळीच्या पानातली पानगी, फणसाच्या रसातली सांदणं. यातलं अर्ध घरगुती खानावळीत मिळतं पण आदल्या दिवशी फोन करून सांगावं लागतं. उकडीच्या मोदकांचं तर तसंच आहे, उकड काढून, मळून, एकेक कळी पाडून मोदक वळायचा म्हणजे वेळ जातो, तो आयत्या वेळी मागितला तर सकाळचा किंवा फ्रीजमधलाच मिळणार. गणपतीपुळ्याला जाणार असाल तर आदल्या संध्याकाळी सांगून ठेवा, गरम मोदक आणि वर तूप, मग बघा.

कोणता महिना कशाचा हे पण लक्षात ठेवा. काजूगर फेब्रुवारीच्या सुमाराला सुरू होतात आणि एप्रिलनंतर ओले मिळणं कठीण होत जातं, त्यामुळे मेच्या शेवटी येऊन उसळ मागाल तर ती सुकवलेल्या गरांची असेल, वाईट नसते पण ती चव नाही. कुयरीची म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी आंब्याच्या आधीची. आणि तुम्हाला जमलं तर एकदा मे सोडून पावसात या. पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की बाजारात गावच्या बायका टाकळा, फोडशी, भारंगी, कुरडू घेऊन बसतात, जुड्या बांधलेल्या. ज्या खानावळीतल्या बाई स्वतः बाजारात जातात त्यांच्याकडे त्या दिवशी ही भाजी ताटात येते, वर ओलं खोबरं, बाकी काही नाही.

अजून एक सांगते, हे फारसं कुणी सांगत नाही. मच्छीच्या खानावळीत शाकाहारी जेवायचं तर सोमवारी, गुरुवारी नाहीतर संकष्टीला जा. त्या दिवशी घरची माणसं स्वतःच शाकाहारी असतात, त्यामुळे भाजी-आमटी त्यांनी स्वतःच्या जेवणासाठी केल्यासारखी केलेली असते. इतर दिवशी तुमची भाजी म्हणजे "एक ताट व्हेज" एवढीच उरते. तवा आणि कढई वेगळी आहे का हे मोकळेपणानं विचारा, कुणी वाईट वाटून घेत नाही, आणि वेगळी नसेल तर नाही म्हणून सांगतात.

जुलैत लग्नानिमित्त चार दिवस रत्नागिरीत आहोत. पावसात मासे ताजे मिळतात का? एक जण म्हणतो अजिबात खाऊ नका, दुसरा म्हणतो काही होत नाही.

दोघांचंही अर्धं बरोबर आहे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. त्यामुळे जुलैत तुमच्या ताटात खोल समुद्रातली सुरमई आली तर ती आज सकाळी मिरकरवाड्याला उतरलेली नाही हे नक्की समजा. ती बंदीच्या आधीची बर्फातली तरी असेल नाहीतर बाहेरून आलेली, कारण पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते, तिकडच्या बोटी आपल्या आधी पाण्यात जातात. नीट थंड राखलेला मासा बर्फातला असला म्हणून विषारी होत नाही. पण ताज्याच्या भावात आणि ताजा म्हणून वाढला जात असेल तर ते चूक आहे, आणि तुम्ही सरळ विचारायला पाहिजे.

मला स्वतःला एकदा याचा त्रास झालाय म्हणून जरा सविस्तर लिहिते. दहा-बारा वर्षांपूर्वी अशाच पावसाच्या दिवसांत एका हॉटेलात बांगडा खाल्ला, जिभेला किंचित चुरचुरल्यासारखं लागलं, मला वाटलं मसाला तिखट असेल, आणि तासाभरात तोंड लाल, अंगाला खाज, डोकं ठणकायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं की बांगडा, सुरमई, कुपा असे मासे पकडल्यावर लगेच थंड केले नाहीत तर त्यात हिस्टामीन तयार होतं, आणि एकदा तयार झालं की ते शिजवून किंवा तळून जात नाही. म्हणजे मासा व्यवस्थित शिजलाय म्हणून तो सुरक्षित असं नसतं. तेव्हापासून मी पहिल्या घासाला जीभ चुरचुरली तर ताट बाजूला सारते, पैसे गेले तरी चालतील. असं झालं आणि श्वास लागतोय असं वाटलं तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.

अख्खा मासा बघायला मिळाला तर डोळे चकचकीत आणि फुगीर पाहिजेत, कल्ले लाल, बोट दाबलं तर मांस परत वर आलं पाहिजे. तुकडे करून ठेवलेल्या माशाचं काही कळत नाही, तिथे विश्वासच लागतो.

पण मी तुमच्या जागी असते तर जुलैत सुरमई मागितलीच नसती. हे दिवस सुक्या मच्छीचे आहेत. उन्हाळ्यात घराघरात वाळवून ठेवलेला जवळा, सोडे, सुके बोंबील, खारा बांगडा, हे सगळं पावसासाठीच असतं. बाहेर धो धो पाऊस, समोर गरम भाकरी, सुकटाची चटणी किंवा सोड्याचं कालवण वांगं-बटाटा घालून, आणि बाजूला कुळथाचं पिठलं. खाडीतली मच्छी पण मिळते, छोट्या होड्यांनी आणि हातजाळ्यानं पकडलेली, थोडी असते, रोज नसते. आणि पहिल्या पावसात नदी-ओढ्यांना पाणी चढतं तेव्हा प्रवाहाच्या उलट चढणारे चढणीचे मासे गावाकडच्या लोकांना मिळतात, ते तुम्हाला कुठल्या हॉटेलात मिळणार नाहीत, लग्नघरातल्या कुणी आत्याबाईंच्या ओळखीनं मिळाले तर नशीब. एक लक्षात घ्या, बंदी संपते त्याच सुमाराला श्रावण लागतो, त्यामुळे काही छोट्या खानावळी जुलै-ऑगस्ट अशा सलग बंद असतात, दुरुस्ती, रंगकाम, गावची शेती हे सगळं त्यांचं तेव्हाच उरकतं. जायच्या आधी फोन करा. शिमग्याला आणि गणपतीत पण तेच, माणसं गावी जातात, कुलूप दिसलं तर चिडू नका.

सहा जण जेवलो, मेनूवर माशासमोर "साईजप्रमाणे" लिहिलं होतं, बिल आलं तेव्हा डोळे पांढरे झाले. वर सर्व्हिस चार्ज लावला होता. आम्ही गप्प बसून दिला. काय करायला हवं होतं?

मागवतानाच विचारायला हवं होतं, एवढं स्पष्ट सांगते, रागावू नका. "साईजप्रमाणे" लिहिण्यात काही गैर नाही, माशाचा भाव रोज बदलतो, पण तुम्ही "आणून दाखवा आणि याचे किती होतील सांगा" असं म्हणू शकता, चांगला मालक ताटात मासा घेऊन येतो, दाखवतो, किंमत सांगतो आणि मग आत नेतो. जो दाखवायला कां-कूं करतो तिथे थाळी खाऊन उठायचं.

सर्व्हिस चार्ज द्यायचा की नाही हे गिऱ्हाईकानं ठरवायचं, तो आपोआप बिलात घालता येत नाही असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ते कायम ठेवलं. काढून द्या म्हणून शांतपणे सांगायचं, नाही काढला तर १९१५ या ग्राहक हेल्पलाईनला फोन करायचा. जीएसटी साध्या हॉटेलात ५ टक्के असतो, पण बऱ्याच छोट्या खानावळी कंपोझिशन स्कीममध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत असतात किंवा त्यांची उलाढालच नोंदणीइतकी नसते, त्यांना बिलावर वेगळा जीएसटी लावता येत नाही, त्यामुळे बिलावर कर आहे पण जीएसटी नंबर नाही असं दिसलं तर विचारा.

ताई मी कॉलेजला आहे, हॉस्टेलवर राहते, पैसे मोजके. वडापाव आणि मॅगी सोडून काय खाऊ? एकटीने खानावळीत बसायला ऑकवर्ड वाटतं.

बाळा, जिथे रांधणारी आणि वाढणारी बाई आहे अशी खानावळ बघ आणि पहिल्यांदा बारा-साडेबाराला जा, तेव्हा ऑफिसची गर्दी नसते. एकदा त्यांना सांग की मी इथे शिकायला आहे, घरून लांब राहते, पुढच्या वेळी तुला कोपऱ्यातलं टेबल आपोआप मिळेल. महिन्याचं विचार, बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यांना कमी दरात लावून घेतात, आणि अर्ध ताट मिळतं का ते पण विचार, फळ्यावर लिहिलेलं नसतं पण देतात. मांदेली आणि तारली स्वस्त असतात आणि पौष्टिक पण, सुरमईच्या मागे लागू नकोस. संध्याकाळी भूक लागली तर घावन-चटणी मिळणारी जागा शोधून ठेव, वडापावपेक्षा हलकं पडतं.

तुझी एखादी कोकणी मुस्लिम मैत्रीण असेल तर तिला सांदणाबद्दल विचार. आपल्याकडे सांदण म्हटलं की फणसाचं पिवळं, गोड, पण त्यांच्या घरातलं सांदण तांदळाचं, पांढरं, फुगलेलं, जाळीदार असतं आणि मटणाच्या रश्शाबरोबर खातात. नाव एकच आणि पदार्थ दोन. मी पहिल्यांदा खाल्लं ते अशाच एका मैत्रिणीच्या घरी, ईदला, अजून आठवतं.

ताई, तुमचं सदर माझी मुलगी मला वाचून दाखवते. आम्ही नवरा-बायको शहराबाहेर रस्त्याला लागून छोटी खानावळ चालवतो, नऊ वर्षं झाली. आठ टेबलं. गेल्या मे महिन्यात एक कुटुंब अडीच वाजता आलं, कोंबडी-वडे मागितले, वडे संपले होते, भाकरी देते म्हटलं तर उठून गेले आणि फोनवर एक स्टार देऊन लिहिलं की इथे मेनू कार्ड नाही, काही मिळत नाही. मुलगा म्हणतो पनीर आणि चायनीज चालू करू, मेनू कार्ड छापू, नाहीतर बंद पडेल. मला रात्री झोप येत नाही. काय करू?

वहिनी, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. या अंकाला उशीर झाला तो तुमच्यामुळेच, कारण उत्तर नीट द्यायचं होतं.

आधी वड्यांचं. ज्यांनी एक स्टार दिला त्यांना वड्याचं पीठ म्हणजे काय हे माहीत नसणार. तांदूळ, उडीद, हरभऱ्याची डाळ, गहू, धणे, मेथी हे सगळं भाजून दळून आणायचं, गरम पाण्यात मळून ते झाकून ठेवायचं, मग पानावर किंवा प्लास्टिकवर थापून एकेक तेलात सोडायचा, आणि तो फुगून गरम गरम ताटात गेला तरच वडा. अडीच वाजता तुमचे वडे संपलेले असणं ही तुमच्या खानावळीची खूण आहे की इथे सकाळचं पीठ दुपारी संपतं. जिथे संध्याकाळी पाचला पण वडे मिळतात तिथे ते कधी तळले हा प्रश्न मला पडतो.

चायनीज आणि पनीर नका घालू. भावनेनं नाही सांगत, हिशोबानं सांगते. चायनीजला वेगळी मोठ्या आचेची शेगडी लागते, वेगळा आचारी लागतो, तो सीझनमध्ये पळून गेला की मेनू कार्डावरची अर्धी पानं खोटी. पनीर रोज संपलं नाही तर फ्रीजमध्ये, मग तिथे मच्छीला जागा नाही, मग मच्छी पण दोन दिवसांची आणायला लागणार. हळूहळू ज्या बांगड्याच्या कालवणासाठी लोक नऊ वर्षं येतायत तेच पातळ होणार, आणि पनीर खायला तर माणूस तुमच्यापर्यंत येणारच नाही, ते त्याला घराखाली मिळतं. मी हे शहरात दोन-तीन चांगल्या खानावळींचं होताना बघितलंय, मालक चांगले, हात चांगला, पण कार्ड चार पानांचं झालं आणि चव गेली.

पण मुलाचं सगळंच टाकून देऊ नका, तो तुमच्याच काळजीनं बोलतोय. छापलेलं कार्ड नको पण बाहेर एक मोठा फळा लावा, त्यावर रोज सकाळी आज काय आलंय ते आणि किंमत, दोन्ही स्पष्ट अक्षरात, आणि खाली एक ओळ, "कोंबडी-वडे दुपारी दीडपर्यंत, नंतर हवे असल्यास सकाळी फोन करा" आणि फोन नंबर. हा फळा मुलानं रोज दहा वाजता फोटो काढून स्टेटसला टाकावा, नकाशावर तुमची जागा आहेच तर तिथे पण. मुंबईहून निघालेलं कुटुंब महामार्गावरच्या हातखंब्याच्या आधीच बघून फोन करेल. जो संपलं म्हणून परत जातो तो रागावतो, पण ज्याला आधी माहीत असतं तो वेळेवर येतो. त्या एक स्टारला पण मुलानं उत्तर लिहावं, भांडण न करता, की वडे रोज ताजे करतो म्हणून संपतात, पुढच्या वेळी फोन करा, ठेवू. पुढे वाचणाऱ्याला त्यातूनच कळतं. फूड लायसन्सचा १४ आकडी नंबर भिंतीवर दिसेल असा लावा. आणि बायकांना वापरता येईल असं स्वच्छ बाथरूम, हे सगळ्यात आधी, कार्डापेक्षा कितीतरी आधी. गाडीतून चार तास आलेल्या बाईला पहिल्यांदा तेच पाहिजे असतं.

अजून एक विचारते, ताटाची किंमत काढताना तुम्ही स्वतःची मजुरी धरता का? बहुतेक जणी धरत नाहीत. गॅस, तेल, मच्छी, नारळ सगळं मोजतात आणि पहाटे पाचपासूनचे स्वतःचे हात फुकट. ते धरा, आणि त्यामुळे ताट थोडं महाग झालं तर होऊ दे, तुमचं रोजचं गिऱ्हाईक त्यासाठी जाणार नाही.

आणि ज्याला तुम्ही नुसती खानावळ म्हणता तिच्यावर आपल्या कोकणची कितीतरी घरं उभी राहिलीत. मुंबईच्या गिरणगावात आपल्याकडून गेलेले चाकरमानी एका खोलीत दहा-पंधरा जण राहायचे आणि जेवायचे ते खानावळवाल्या बायकांकडे, त्यांच्या हातच्या दोन वेळच्या जेवणावर गिरण्यांच्या पाळ्या चालल्या आणि उरलेला पगार इथे मनिऑर्डरनं आला. त्या बायका पण तुमच्यासारख्याच उधारीत आणि काळजीत असायच्या. १९७५ मध्ये कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेची कर्जं मिळवून दिली, सावकारापासून सोडवलं. म्हणून तुमची पैशाची ओढाताण असेल तर मुलाला सांगा नवीन शेगडीसाठी कर्ज काढण्याआधी तुमच्या भागातल्या बचत गटाकडे आणि बँकेत जाऊन खेळत्या भांडवलाचं विचारून ये. पावसाचे दोन महिने जिथे तुम्हाला अडतं ते त्यानं निभावेल.

येत्या बुधवारी मी तुमच्याच रस्त्यानं राजापूरला जातेय, बरोबर माझी आई असेल, ती ८१ वर्षांची आहे आणि तिला काटे काढून खायला वेळ लागतो. साडेबाराला पोचू. दोन ताटं ठेवा, जे आलं असेल ते वाढा.